प्रतिपिंडाची साक्ष

सातारा जिल्ह्यातील लोणंद हे गाव आपणांपैकी बहुतेकांस दोन कारणांनी ठाऊक असेल. आषाढीच्या वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदास मुक्काम करते, हे एक कारण. आणि तेथील कांद्याचा बाजार, हे दुसरे. परंतु पशुसंवर्धनाच्या ग्रंथांत लोणंदचे नाव तिसऱ्याच एका कारणाने आढळते. आपल्या दख्खनी मेंढीचे जे पोटभेद सांगितले जातात, त्यांत सोलापुरी, संगमनेरी, कोल्हापुरी यांच्या जोडीस एकाचे नावच मुळी ‘लोणंद’ असे आहे. आज मला जो विषय आपणांपुढे मांडावयाचा आहे तो प्रयोगशाळेतील आहे. पेशीच्या आवरणात बसलेले एखादे प्रथिन प्रतिपिंडाच्या साहाय्याने कसे ओळखतात, आणि त्या ओळखीवर विश्वास केव्हा ठेवावा, हा तो विषय होय. परंतु त्याचा आरंभ मी लोणंदच्या मेंढरांपासूनच करणार आहे. आणि पुष्कळ हिंडून झाल्यावर अखेरीस पुन्हा त्यांच्याचपाशी येणार आहे.

समजा, एका धनगराची मेंढी हरवली. चार दिवसांनी बाजारात एका परक्या कळपापुढे तो उभा राहतो आणि एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, “ही माझी.” कळपाचा मालक म्हणतो, “नव्हे.” कानाची खाच सारखी, लोकरीचा रंग सारखा, मेंढी तर काही बोलत नाही. पंच बसतात. त्यांतला एक म्हातारा त्या धनगरास म्हणतो, “बाबा रे, मेंढी तुझी असेलही, पण आधी तुझी नजर कशी आहे ते पाहू दे.” तो त्यास दूर पाठवितो, वादातली मेंढी गुपचूप आडोशास नेऊन बांधावयास सांगतो, आणि उरलेल्या कळपापुढे त्यास पुन्हा आणून उभे करतो. आता तो धनगर सगळ्या कळपावरून नजर फिरवून “यांत माझी मेंढी नाही” असे म्हणाला, तर त्याच्या पहिल्या बोलण्यास किंमत आली. परंतु ह्याही वेळी त्याने दुसऱ्याच एखाद्या मेंढीवर हात ठेवला, तर त्याची साक्ष तेथेच संपली.

ह्या म्हाताऱ्याची युक्ती साधी दिसते. पण आजच्या जीवशास्त्रातील एका मोठ्या प्रश्नाचे मर्म तिच्यात आहे. जी वस्तू ओळखावयाची, ती जेथे नाही तेथे साक्षीदार गप्प राहतो काय? आजच्या भाषणात मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

प्रथम पेशीचे आवरण म्हणजे काय ते पाहू. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे हे आपण शाळेत शिकलो आहो. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. इतका पातळ की, एका मिलिमीटरचे लक्ष भाग केले तर त्यांतील एका भागाहूनही त्याची जाडी थोडी कमीच भरेल. हा पापुद्रा म्हणजे स्निग्ध द्रव्याची जणू दुपदरी साय होय. त्या सायीत ठिकठिकाणी प्रथिने रोवलेली असतात. त्यांचे काही अंग पेशीच्या बाहेर डोकावत असते, काही सायीत बुडालेले असते, तर काही आत पोहोचलेले असते. मेंढरांच्या वाड्याला जसे कुंपण असते आणि त्या कुंपणास जशी दारे, खुंट्या व कड्या असतात, तशीच ही प्रथिने समजावीत. कोणी क्षार आत-बाहेर नेतात. कोणी शेजारच्या पेशीस धरून ठेवतात. कोणी बाहेरून आलेला निरोप ऐकून आत पोहोचवितात. ह्या शेवटच्यांना ग्राही प्रथिने म्हणतात. पुष्कळ रोगांचे आणि पुष्कळ औषधांचे रहस्य ह्या कुंपणातच दडलेले असल्यामुळे, अमुक पेशीच्या आवरणात अमुक प्रथिन आहे की नाही, असल्यास किती आहे, हा प्रश्न संशोधकापुढे नित्य उभा राहतो.

पण हे प्रथिन डोळ्यांनी पाहावे कसे? साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाही. एका पेशीत हजारो जातींची प्रथिने असतात, आणि त्यांतील एकच वेगळे काढावयाचे म्हणजे गर्दीतून एका माणसास नुसत्या चेहऱ्यावरून हुडकण्यासारखे आहे. असे चेहरे ओळखणारे पदार्थ निसर्गाने आपल्या रक्तात अगोदरच निर्माण करून ठेवले आहेत. तेच प्रतिपिंड होत.

शरीरात परकी वस्तू शिरली की तिला चिकटून बसणारी प्रथिने रक्तात तयार होतात. १८९० साली बेरिंग व कितासातो ह्या दोघांनी दाखविले की, धनुर्वाताच्या विषाची सवय लावलेल्या जनावराचे रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारे पिवळसर पाणी, दुसऱ्या जनावरासही त्या विषापासून वाचविते. प्रतिपिंडाचा आकार दोन्ही हात वर पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा असतो. त्याच्या दोन हातांच्या टोकांशी एक विशिष्ट खाचखळगा असतो, आणि त्या खाचेत नेमकी बसेल अशाच आकाराला तो घट्ट धरतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रतिपिंड नाव ओळखीत नाही, आकार ओळखतो. आणि तोही सबंध प्रथिनाचा नव्हे, तर त्याच्या पृष्ठभागावरील एका लहानशा तुकड्याचा. तसलाच तुकडा दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर असेल, तर तो त्यालाही निःशंकपणे मिठी मारील. ह्यात त्याचा दोष नाही.

जे प्रथिन ओळखावयाचे ते, किंवा त्याचा एखादा तुकडा, सशाला किंवा शेळीला टोचला म्हणजे काही आठवड्यांत त्या जनावराच्या रक्तजलात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड उतरतात. हे प्रतिपिंड एकजात नसतात. निरनिराळे तुकडे धरणाऱ्यांचा तो एक जमाव असतो. शिवाय ते जनावर गेले की तो जमावही गेला. दुसरे जनावर तंतोतंत तसाच देईल याची शाश्वती नसते. १९७५ साली केंब्रिज येथे केलर आणि मिलस्टीन यांनी ह्यावर तोड काढली. प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या उंदराच्या पेशीचा अखंड वाढत राहणाऱ्या कर्कपेशीशी त्यांनी संयोग घडवून आणला. अशा एका पेशीची प्रजा एकाच आकाराचा प्रतिपिंड कितीही वर्षे पुरवीत राहते. ह्या कामगिरीबद्दल त्यांना १९८४ सालच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

साक्षीदार मिळाला तरी त्याची खूण दिसली पाहिजे. प्रतिपिंड स्वतः अदृश्यच असतो. १९४१ साली अमेरिकेत आल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडालाच एक चकाकणारा रंग जोडून दिला, आणि तो जेथे जाऊन चिकटला ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली उजळून निघाली. पुढे प्रत्येक प्रतिपिंडास रंग लावीत बसण्याऐवजी आणखी सोपा मार्ग रूढ झाला. सशाचा प्रतिपिंड प्रथिनास चिकटला की मागाहून शेळीचा प्रतिपिंड सोडावयाचा, जो सशाच्या कोणत्याही प्रतिपिंडास धरतो; आणि रंग असावयाचा तो ह्या दुसऱ्यास. प्रतिपिंडाविरुद्ध प्रतिपिंड वापरण्याची ही कल्पना रक्तपरीक्षेत १९४५ साली कूम्ब्स, मूरंट आणि रेस ह्या तिघांनी आणली होती, आणि ती परीक्षा आजही रक्तपेढ्यांतून नित्याची आहे. लोणंदच्या बाजारात मेंढीशेजारी उभी असणारी शेळी जगभरच्या प्रयोगशाळांत अशी दुय्यम साक्षीदार होऊन बसली आहे, ही गोष्ट आपल्या धनगरबंधूंस मौजेची वाटेल!

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. पेशी काचेच्या पट्टीवर घेतात. पेशीच्या कोणत्या बाजूचा प्रश्न आहे, हे येथे आधीच ठरवावे लागते. पेशी अखंड ठेवली तर प्रतिपिंड आत शिरू शकत नाही. त्यामुळे प्रथिनाचे जे अंग बाहेर डोकावत असेल तेवढ्याचीच साक्ष मिळते. आतील अंग पाहावयाचे तर सौम्य साबणासारख्या द्रव्याने त्या सायीस बारीक भोके पाडावी लागतात. जिवंत पेशींवर काम असेल तर सर्व काही बर्फात ठेवून करतात. कारण उबेत पेशी प्रतिपिंडासकट आपले प्रथिन आत ओढून घेते, आणि कुंपणावरचा पुरावा घरात जातो. त्यानंतर मोकळ्या जागा आधीच भरून टाकाव्या लागतात, नाही तर प्रतिपिंड वाटेल तेथे उगाच चिकटून बसतो. ह्या कामी काही पद्धतींत चक्क सायविरहित दुधाची भुकटी पाण्यात कालवून वापरतात! मग पहिला प्रतिपिंड, मग धुणे, मग रंगीत दुसरा प्रतिपिंड, मग पुन्हा धुणे. धुण्यात आळस केला की सगळेच चकाकते, आणि सगळेच चकाकले म्हणजे काहीच कळले नाही, असे समजावे. काम नीट उतरले तर प्रत्येक पेशीच्या कडेने तेजाचे बारीक कडे दिसते. आतला भाग काळोखी राहतो. आवरणातील प्रथिनाची ही ओळखण.

दुसरी एक रीत आहे. पेशी विरघळवून तिची प्रथिने एका लिबलिबीत थरातून विजेच्या जोरावर धावावयास लावतात. लहान पुढे जातात, मोठी मागे राहतात, आणि मग त्यांवर प्रतिपिंड सोडतात. इतर प्रथिनांस त्यापूर्वी उकळण्याचा प्रघात आहे. परंतु आवरणातील कित्येक प्रथिने सायीत राहण्याची सवय असलेली; ती उकळली की एकमेकांस चिकटून त्यांचा गोळा होतो व ती थराच्या तोंडाशीच अडकून पडतात. शिवाय त्यांच्या बाहेरच्या अंगावर शर्करेच्या लांबलांब साखळ्या लोंबत असल्याने त्यांचे वजन हिशोबापेक्षा भारी दिसते. नवशिका विद्यार्थी येथे हमखास फसतो. रेघ अपेक्षित जागी न दिसता भलतीकडे दिसली, तर तीच खरी की दुसऱ्या कोणाची, हे नुसत्या रेघेकडे पाहून सांगता येत नाही.

म्हणजे आपण फिरून त्या म्हाताऱ्या पंचापाशी आलो. साक्षीदार खरा की खोटा, हे ठरवावे कसे? ह्या प्रश्नाचे एक अत्यंत सुंदर उत्तर आपल्या मुंबईतच मिळालेले आहे.

१९०० सालाच्या सुमारास व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध लावला, तेव्हापासून तांबड्या पेशींच्या आवरणावरील खुणा प्रतिपिंडांनीच ओळखल्या जात आहेत. खूण असली की प्रतिपिंड दोन पेशींस दोन हातांनी धरतो आणि पेशींचे पुंजके बनतात. हे पुंजके साध्या डोळ्यांसही दिसतात. ए गटाच्या पेशीवर ए ही खूण, बी गटाच्या पेशीवर बी. ओ गटाच्या पेशीवर ह्या दोन्ही नसल्या, तरी ज्या पायावर त्या दोन्ही उभ्या राहतात तो पाया, म्हणजे एच नावाची खूण, भरपूर असते. ह्या खुणा प्रथिनांच्या नव्हेत. आवरणातील प्रथिनांस व स्निग्ध द्रव्यांस जोडलेल्या शर्करांच्या त्या आहेत. सर्व माणसांच्या रक्तात एचचा पाया थोडाफार तरी असावयाचाच, अशी समजूत होती.

१९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी लंडनच्या सँगर, रेस इत्यादी संशोधकांच्या सहकार्याने ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात तीन माणसांची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या तिघांच्या पेशी ए-विरोधी प्रतिपिंडाने जमेनात, बी-विरोधी प्रतिपिंडाने जमेनात, आणि एच-विरोधी प्रतिपिंडानेही जमेनात. उलट त्यांचे स्वतःचे रक्तजल मात्र ए, बी आणि ओ ह्या सर्व गटांच्या पेशींचे पुंजके करी. सर्वांस चालणारे म्हणून गणलेले ओ गटाचे रक्तही त्यांना चालण्याजोगे नव्हते! हाच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. अशा माणसाला नुसता ओ समजून ओचे रक्त दिले तर त्याच्या प्राणावर बेतते. यास्तव ह्या शोधाचे महत्त्व रोग्यांच्या दृष्टीने केवढे, हे सांगावयास नकोच.

परंतु आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एका बाबतीत आहे. एच-विरोधी म्हणून जो प्रतिपिंड आपण वापरतो, तो खरोखर एचच ओळखतो काय, हे पाहावयाचे असल्यास जिच्यावर एच मुळीच नाही अशी मानवी पेशी हवी. बॉम्बे गटाची पेशी ती नेमकी पुरविते. तिच्यापुढे जो प्रतिपिंड गप्प राहिला तो विश्वासू. जो तेथेही पुंजके करू लागला तो दुसरेच काही धरीत आहे. वादातली मेंढी बाजूला काढलेला कळप निसर्गाने ह्या मूठभर माणसांच्या रक्तात आयता तयार करून ठेविला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याच मुंबईतील दुसरी कथा शर्करेची नसून खास आवरणातील प्रथिनाची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली मुंबईत रक्तगटांचे एक संदर्भकेंद्र स्थापिले; आजची राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्था ती हीच. १९७३ साली बडकेरे, जोशी, भाटिया आणि त्यांचे सहकारी यांनी एका नव्या खुणेची वार्ता दिली. भारतीय लोकांत शेकडा सुमारे तीन-चारांच्या पेशींवर ती सापडते, युरोपीय लोकांत मात्र अतिशय विरळ. आपल्या देशावरूनच तिला ‘इन-ए’ असे नाव पडले. दोन वर्षांनी तिची जोडीदार ‘इन-बी’ ही ओळखली गेली. ती बहुतेक सर्व माणसांत असते. ज्याच्या पेशींवर इन-बी नाही अशा थोड्या माणसांच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंड निर्माण होऊ शकतो, आणि तसे झाले म्हणजे त्यांना जुळते रक्त मिळविणे मोठे कठीण होऊन बसते.

ही खूण कोणत्या प्रथिनावर आहे, हे शोधण्यास आणखी काही वर्षे लागली. १९८८ साली असे दाखविले गेले की, इन-ए आणि इन-बी ह्या दोन्ही सीडी ४४ नावाच्या प्रथिनावर आहेत. हे प्रथिन तांबड्या पेशींवरच नव्हे, तर पांढऱ्या पेशी, त्वचा आणि इतर पुष्कळ उतींतील पेशींच्या आवरणात असते व आसपासच्या द्रव्यास पेशी बांधून ठेवण्याचे काम करते. १९९६ साली दोहोंतील फरकही उलगडला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. त्या माळेतील ४६वा मणी आर्जिनीन असला तर इन-बी, आणि त्याच्या जागी प्रोलीन असला तर इन-ए. शेकडो मण्यांच्या माळेतील एक मणी! तेवढा फरक ह्या प्रतिपिंडांनी अचूक ओळखला होता. आणि तोही जनुकाची लिपी वाचता येण्याच्या कितीतरी आधी. आणखी गंमत अशी की, त्या माळेला गाठी मारून आकार देणारे गंधकाचे दुवे रसायनाने सोडविले, तर तेच प्रतिपिंड तीच माळ ओळखीनासे होतात. मणी सर्व जागच्या जागी असतात, पण आकार गेलेला असतो. प्रतिपिंड आकार ओळखतो असे मी आरंभी म्हटले, ते ह्याच अर्थाने.

इतकी तीक्ष्ण नजर असणाऱ्या साक्षीदारावर आंधळा विश्वास ठेवावा असा मोह कोणास होणार नाही? आणि नेमके तेच घडले. प्रतिपिंड विकणाऱ्या कंपन्या जगभर निघाल्या. बाटलीवर प्रथिनाचे नाव छापलेले असते, किंमत भारी असते, आणि विद्यार्थी त्या नावालाच पुरावा मानू लागतो. २००८-०९ च्या सुमारास युरोपातील काही संशोधकांनी एक साधी परीक्षा घेतली. मज्जातंतूंचा निरोप घेणारी जी मस्करिनिक नावाची ग्राही प्रथिने पेशींच्या आवरणात असतात, त्यांचे जनुकच काढून टाकलेले उंदीर त्यांनी घेतले. ह्या उंदरांत ते प्रथिन असणे अशक्य. तरीही बाजारातील कित्येक प्रतिपिंडांनी त्यांच्या उतींस पूर्वीसारखाच रंग दिला! मेंढी बाजूला काढली होती, आणि धनगर अजून हात ठेवीतच होता.

हा अपवाद नव्हता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ प्रतिपिंडांची तपासणी, ते प्रथिन नसलेल्या पेशी शेजारी ठेवून, करण्यात आली. काही प्रतिपिंड उत्तम ठरले. परंतु जे आपले प्रथिन ओळखीतच नव्हते असेही पुष्कळ निघाले, आणि अशा निकामी प्रतिपिंडांवर विसंबून दर प्रथिनामागे सरासरी सुमारे बारा शोधनिबंध प्रसिद्ध होऊन गेले होते असे आढळले. त्या निबंधांच्या आधारावर पुढे ज्यांनी काम केले त्यांची वर्षे, त्यांचा पैसा आणि त्यांची उमेद यांचा हिशोब कोणी करावा? त्यांतील बहुतेक माणसे अप्रामाणिक नव्हती. त्यांनी साक्षीदाराची उलटतपासणी केली नाही, एवढेच.

ही केवळ विद्वानांची घरगुती बाब आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तसे नाही. मुंबईत परळला १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांस परिचित आहे. सातारा-सांगलीकडील एखादी स्त्री स्तनाच्या कर्करोगासाठी अशा रुग्णालयात जाते, तेव्हा गाठीचा एक कण काढून त्याचे केसाहूनही पातळ काप करतात आणि त्यांवर हर-२ नावाच्या ग्राही प्रथिनाविरुद्धचा प्रतिपिंड सोडतात. हे प्रथिन पेशीच्या आवरणात असून पेशीस वाढण्याचा निरोप देते. शंभरांतील सुमारे पंधरा ते वीस रुग्णांच्या गाठीत ते बेसुमार वाढलेले असते. अशांसाठी १९९८ सालापासून एक औषध उपलब्ध आहे, आणि ते औषधही त्याच प्रथिनास धरणारा एक प्रतिपिंडच आहे. आवरणाचे कडे सर्व बाजूंनी पूर्ण आणि गडद रंगले असेल, आणि तशा पेशी गाठीत शेकडा दहांहून अधिक असतील, तर उत्तर ‘होय’. रंग मुळीच नसेल किंवा अगदी पुसट असेल, तर ह्या औषधापुरते उत्तर ‘नाही’. मधलीच अवस्था असेल तर प्रतिपिंडाच्या एकट्याच्या साक्षीवर न थांबता जनुकाच्याच प्रती मोजून पाहतात.

ह्या तपासणीत चूक झाली तर काय होते, ते पाहा. खोटे ‘होय’ निघाले तर एक महागडे व हृदयास त्रास देऊ शकणारे औषध निष्कारण दिले जाईल, आणि त्यासाठी घरचे शेतही गहाण पडेल. खोटे ‘नाही’ निघाले तर जिला त्या औषधाने आयुष्य लाभले असते तिला ते मिळणार नाही. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत रोग्याच्या कापाबरोबर आणखी दोन काप रंगविले जातात: एक, ज्यात ते प्रथिन निश्चित आहे असा, आणि दुसरा, ज्यात ते निश्चित नाही असा. पहिला रंगला नाही, किंवा दुसरा रंगला, तर त्या दिवसाचा निकाल द्यावयाचा नाही. सर्व काम पुन्हा करावयाचे. तो न रंगलेला दुसरा काप रोग्यास कधीच दिसत नाही. पण त्याच्या त्या कोरेपणावर तिचा सारा उपचार उभा असतो.

आता वचन दिल्याप्रमाणे मेंढरांकडे परत येतो. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. लोणंदहून जवळच असलेल्या फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनाकडील गरोळ जातीच्या लहानखुऱ्या मेंढीतील जुळी कोकरे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम १९९० नंतरच्या दशकात हाती घेतले. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांचे सहकारी यांनी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची व ऑस्ट्रेलियातील संशोधकांची जोड घेऊन, ते तडीस नेले. त्यांतूनच ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी निघाली. ह्या गुणाचे मूळ कोठे आहे, ते २००१ साली उघडकीस आले. मेंढीच्या बीजांडाभोवतालच्या पेशींच्या आवरणात एक ग्राही प्रथिन असते. त्याच्या माळेतील २४९वा मणी ग्लुटामिनऐवजी आर्जिनीन झाला की एका वेळी एकाहून अधिक बीजे पक्व होतात. येथेही एकाच मण्याचा खेळ!

तेव्हा आपणांस वाटेल की, प्रतिपिंड सोडला की जुळ्यांची मेंढी ओळखली. परंतु येथे प्रतिपिंडाची मर्यादा दिसून येते. प्रतिपिंड हे प्रथिन बीजांडाच्या कोणत्या पेशीत आहे, हे सांगू शकतो, आणि संशोधनात त्याचा तसा उपयोग होतोही. पण हा बदललेला मणी प्रथिनाच्या पेशीआतील अंगात आहे, आणि नेहमीचा प्रतिपिंड त्या प्रथिनाचा दुसराच एखादा तुकडा धरीत असल्याने त्याच्या लेखी दोन्ही मेंढ्या सारख्याच. शिवाय त्यासाठी बीजांडाचा काप हवा. म्हणजे मेंढीच गमवावी लागावयाची. म्हणून फलटणकरांनी तो मार्ग न धरिता रक्ताच्या थेंबातून जनुकाचीच लिपी वाचली, आणि कोणता मेंढा पैदाशीस ठेवावा याचा निर्णय तिच्यावर केला. धनगराच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी पुष्कळदा जुळी देते व चारा-पाण्याची थोडी काळजी घेतली तर ती पोशीतेही; पण दोन्ही प्रती आल्या तर तीन-तीन कोकरे होऊन दूध अपुरे पडण्याचा धोका वाढतो. कोणत्या साक्षीदारास कोणता प्रश्न विचारावा, हे ज्यांना कळले त्यांनी धनगराच्या वाड्यातील कोकरे वाचविली, असेच म्हटले पाहिजे.

श्रोतेहो, प्रतिपिंडासारखा सूक्ष्म आणि निष्ठावंत साक्षीदार जीवशास्त्रास दुसरा मिळालेला नाही. मुंबईच्या रक्तपेढीत त्याने एका मण्याचा फरक ओळखला, आणि रुग्णालयात तो रोज कितीएक स्त्रियांच्या उपचारांची दिशा ठरवितो. तथापि त्याच्या बाटलीवरील नाव ही त्याची साक्ष नव्हे. ज्या पेशीवर ते प्रथिन नाही तिच्यापुढे त्यास एकदा उभे करावे, आणि तेथे तो गप्प राहिला तरच त्याच्या बोलण्यावर विसंबावे. पुणे, मुंबई वा कोल्हापूरच्या प्रयोगशाळांत आज जी मुले-मुली हे काम शिकत आहेत, त्यांनी पहिला प्रयोग मांडताना तो कोरा काप, ती रिकामी पेशी विसरू नये. आणि काम वाढते, खर्च वाढतो, म्हणून कोणी ती गाळावयास सांगितले, तर त्यांस लोणंदच्या बाजारातील त्या म्हाताऱ्या पंचाची गोष्ट सांगावी.